हुकूमशाहीला जाब विचारणारा मेसेज: एक नाव, एक तारीख, एक मागणी

"ही राजवट राक्षसी आहे" असं लिहायला दोन मिनिटं लागतात आणि त्याने राजवटीचं काडीचंही बिघडत नाही, कारण ज्यांना ते पटतं त्यांना आधीपासूनच पटलेलं असतं आणि बाकीचे वाचून पुढे जातात. त्याऐवजी "अमुक नर्सला मंगळवारी पहाटे घरातून नेलं, आज सहावा दिवस आहे, अजून कोर्टात उभं केलेलं नाही, तुमच्याच कायद्यात ४८ तासांची मुदत आहे, मग ती आहे कुठे?" असं विचारलं की गोष्ट बदलते. याला उत्तर तरी द्यावं लागतं, नाहीतर उत्तर देत नाहीयेत हे सगळ्यांना दिसतं. हा असा मेसेज कसा तयार करायचा, तपासायचा, पोचवायचा आणि त्यापायी कोणाचा जीव धोक्यात जाणार नाही हे कसं बघायचं, ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही देशाच्या आत असाल किंवा बाहेर राहून मदत करत असाल, बहुतेक पायऱ्या त्याच आहेत, फक्त धोका सारखा नाही. बाहेर बसलेल्याने हे कायम ध्यानात ठेवायचं की आपल्या पोस्टची किंमत आतलं कोणीतरी मोजणार आहे.

१. आधी ठरवा, ऐकवायचंय कोणाला

हुकूमशहाला स्वतःला आपला मेसेज वाचून उपरती होणार नाहीये, ते डोक्यातून काढून टाका. पण तो एकटा काहीच करू शकत नाही. अटक करणारा पोलीस, रिमांडवर सही करणारा जज, तुरुंगातला डॉक्टर, बातमी गाळणारा संपादक, मतं मोजणारा कारकून, कर्ज देणारं परदेशी सरकार, या सगळ्यांच्या जिवावर त्याचं राज्य चालतं. यातल्या एकाच्या मनात जरी "उद्या हे माझ्या नावावर येईल" ही पाल चुकचुकली तरी फरक पडतो. म्हणून प्रत्येक मेसेजच्या आधी एका ओळीत लिहून काढा: हे वाचून कोणी, काय वेगळं करावं? ही ओळ लिहिता येत नसेल तर मेसेज अजून तयार नाही.

चिलीचं १९८८ चं उदाहरण इथे फार शिकवून जातं. लष्करी हुकूमशहा पिनोशे सत्तेवर अजून आठ वर्षं राहावा का, यावर ५ ऑक्टोबरला जनमत होतं आणि त्याआधी जवळपास महिनाभर विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री १५ मिनिटं मिळाली, तीही उशिरा. इतक्या वर्षांचे खून, छळ, बेपत्ता माणसं, सगळं त्यात कोंबायचा मोह किती झाला असेल, आणि काही कार्यकर्त्यांचा तसा आग्रहही होता. पण ज्यांना पटवायचं होतं ती घाबरलेली आणि कुंपणावर बसलेली माणसं होती, आणि नुसती भीती दाखवली तर ती मतदानाला घराबाहेरच पडली नसती. म्हणून इंद्रधनुष्याचं चिन्ह, आनंदाचं गाणं, पुढच्या दिवसांची आशा असा सूर ठेवला. अत्याचार वगळले नाहीत, पण दाखवले ते माणसांमधून. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या बायका जोडीने नाचायचा क्वेका हा नाच एकट्याच नाचतात, समोरची जागा रिकामी, एवढंच. "नाही" ला जवळपास ५६ टक्के मतं पडली.

२. त्यांच्याच कागदावर बोट ठेवा

जवळपास प्रत्येक हुकूमशाहीकडे एक छान छापलेली राज्यघटना असते, आणि आंतरराष्ट्रीय करारांवर सह्याही असतात, कारण जगात मान हवा असतो. ही त्यांची दुखरी नस आहे. ५ डिसेंबर १९६५ ला मॉस्कोच्या पुश्किन चौकात मूठभर लोक जमले, दोन लेखकांवरचा खटला उघड चालवा आणि स्वतःच्या राज्यघटनेचा मान राखा, एवढीच मागणी. काही मिनिटांत फलक हिसकावले गेले. पण "राज्यघटना पाळा" म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरवायचं तर आधी राज्यघटनेचं काय करायचं, हा पेच सत्तेपुढे उभा राहिला तो राहिलाच.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ला फिनलंडमधल्या हेलसिंकीत ३५ देशांनी एका समझोत्यावर सह्या केल्या, त्यात मानवी हक्कांचं कलम होतं, आणि सोव्हिएत वर्तमानपत्रांनी तो मजकूर स्वतःच छापला. मे १९७६ मध्ये युरी ऑर्लोव आणि सोबत्यांनी मॉस्कोत गट काढला, काम एकच, की सही केलेलं पाळलं जातंय का ते लिहून ठेवायचं. चेकोस्लोव्हाकियात तर नागरी हक्कांचे करार सरकारी कायदेसंग्रहात १२० क्रमांकाने छापून आले होते, त्याच कागदाचा आधार घेऊन जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हा नागरिकांचा जाहीरनामा बाहेर पडला, पहिल्या फेरीत २४२ सह्या.

तुम्ही करायचं ते असं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या साइटवर कुठल्या देशाने कुठले करार मान्य केले ते देशवार दिसतं, ते काढा. मग त्या देशाची राज्यघटना, आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातली अटक, वकील, नातेवाइकांना कळवणं यांची कलमं. शेवटी १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा. एक गोंधळ नेहमी होतो: जाहीरनाम्यात छळबंदी कलम ५ मध्ये आहे, पण १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात ती कलम ७ मध्ये आहे. मनमानी अटकेचं कलम मात्र दोन्हीकडे ९, अभिव्यक्तीचं दोन्हीकडे १९. निष्पक्ष सुनावणी जाहीरनाम्यात १० आणि करारात १४. नंबर चुकला की समोरचा तेवढंच धरून बसतो, म्हणून दोनदा बघा. अटकेनंतर जजसमोर लवकर उभं करायचं म्हणजे किती लवकर, तर करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने साधारण ४८ तास पुरे असं म्हटलंय, हे फार कामी येतं. आणि देशाने करारावर सही केलेली नसली तरी हात टेकायचं कारण नाही, छळावरची बंदी कुठल्याच देशाला सुटलेली नाही.

३. माहिती पक्की करा, इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे पोलीस नाही, पैसा नाही, टीव्ही नाही. आपलं म्हणणं खरं निघतं, एवढी एकच गोष्ट आपल्याकडे आहे.

सोव्हिएत युनियनमध्ये एप्रिल १९६८ पासून एक गुप्त बातमीपत्र निघायचं, चालू घडामोडींची नोंदवही म्हणा. नताल्या गोर्बानेव्स्काया पहिली संपादक. टाइपरायटरवर कार्बन लावून प्रती काढायच्या, ज्याला मिळाली त्याने अजून काढायच्या. पहिल्या पानावर जाहीरनाम्याचं कलम १९. आणि आत? कुठेही आरडाओरडा नाही, विशेषणं नाहीत. कोणाला, कधी, कुठल्या कलमाखाली धरलं, झडतीत काय नेलं, शिक्षा किती. आणि आधीच्या अंकात चूक झाली असेल तर पुढच्या अंकात ती दुरुस्त करून छापायचे. जीव मुठीत धरून काम करणारी माणसं तारीख चुकली म्हणून दुरुस्ती छापतात, याचं मोल मला फार वाटतं. गोर्बानेव्स्कायाला पुढे मनोरुग्णालयात डांबलं, तरी हे काम १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिलं आणि बाहेरचं जग त्यावर विश्वास ठेवत राहिलं.

उलट उदाहरणही बघा. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर अशी साक्ष गाजली की सैनिकांनी हॉस्पिटलमधल्या इनक्युबेटरमधून बाळांना काढून मरायला टाकलं. जगभर ते पसरलं, अॅम्नेस्टीसारख्या नावाजलेल्या मानवी हक्क संस्थेनेही आधी मान्य केलं आणि नंतर मागे घ्यावं लागलं, कारण पुरावा सापडला नाही. सद्दामची राजवट क्रूर होती यात शंका नाही, खऱ्या अत्याचारांची कमी नव्हती, आणि तरी त्या एका खोट्याने खऱ्या तक्रारींवर संशयाची सावली पाडली. म्हणून अतिशयोक्ती करणारा आपल्याच बाजूचा असला तरी त्याला थांबवा.

प्रत्येक केससाठी एक नोंद ठेवा, तीत एवढं हवंच: पूर्ण नाव आणि वय, काम, कधी आणि कुठे नेलं, नेणारे कोण (गणवेश, गाडी, नंबरप्लेट, ओळखपत्र दाखवलं का), वॉरंट होतं का, शेवटचं कोणी बघितलं, घरच्यांनी कुठे कुठे चौकशी केली आणि काय उत्तर मिळालं, तब्येत आणि औषधं. आणि प्रत्येक गोष्टीपुढे "कोणी सांगितलं" आणि "स्वतः बघितलं की ऐकलं" हे. हा शेवटचा रकाना लोक टाळतात आणि तिथेच पुढे फसतात. दोन स्रोत हवेत, आणि ते खरंच वेगळे हवेत, एकाच मावशीकडून ऐकलेले दोन शेजारी म्हणजे एकच स्रोत.

व्हिडिओ काढत असाल तर दुरून सुरक्षितपणे, न थांबता, आणि मध्ये एकदा सावकाश कॅमेरा फिरवून चौक, पाटी, उंच इमारत, मनोरा असं काहीतरी येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवली की ती दाबली जाते आणि आतली वेळ-ठिकाणाची माहिती जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी, शेअर करायची कॉपी वेगळी. सोशल मीडियावर टाकलंय म्हणजे जपलं गेलं असं अजिबात समजू नका, २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने सीरियातल्या अत्याचारांचे ढीगभर व्हिडिओ उडवले होते. तुमच्याकडे कोणी जुना किंवा भलत्याच देशातला व्हिडिओ आणून दिला तर त्यातली एखादी फ्रेम घेऊन रिव्हर्स इमेज सर्च करा (चित्र टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधा), हवामान, सावल्या, पाट्यांवरची लिपी बघा. छळाच्या खुणा असतील तर शक्यतो डॉक्टरने नोंदवाव्यात, त्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची जागतिक पद्धत आहे. डिजिटल पुराव्यासाठी तसाच बर्कली प्रोटोकॉल आहे, २०२० चा.

आज कोर्ट ऐकत नाही म्हणून ही कागदपत्रं वाया जात नाहीत. चिलीत चर्चच्या आसऱ्याने १९७६ पासून चाललेल्या विकारिया दे ला सोलिदारिदाद या मदत संस्थेच्या वकिलांनी, धरलेल्या माणसांना कोर्टात हजर करा असे हजारो अर्ज केले, जवळपास सगळे फेटाळले गेले, पण त्याच फायली लोकशाही आल्यावर सत्यशोधन आयोगाला उपयोगी पडल्या. सीरियातून 'सीझर' या टोपणनावाच्या लष्करी फोटोग्राफरने पन्नास हजारांवर फोटो बाहेर आणले, आणि जर्मनीत कोब्लेन्झच्या कोर्टात २०२२ मध्ये सीरियाच्या एका माजी अधिकाऱ्याला जन्मठेप झाली त्या खटल्यात ते पुरावा म्हणून समोर होते.

४. परवानगी घ्या, खरी परवानगी

आतल्या माणसाचं नाव जाहीर करायचं की नाही हा निर्णय तुमचा नाही. तो त्या माणसाचा, आणि त्याच्यापर्यंत पोचता येत नसेल तर घरच्यांचा किंवा वकिलाचा. आणि "टाकू का?" "हो टाका" एवढ्यावर जाऊ नका. नीट समजावून सांगा: हे कुठे कुठे जाईल, एकदा गेलं की परत घेता येणार नाही, अधिकारी वाचतील, घरी येऊ शकतात, नोकरीवर परिणाम होऊ शकतो. नाव चालेल का, फोटो चालेल का, मुलांचा उल्लेख चालेल का, हे वेगवेगळं विचारा. विचार करायला वेळ द्या, फक्त माणूस बेपत्ता असेल तर वेळच नसतो हेही सांगा.

बोलावं की गप्प बसावं? माणूस कोठडीत आहे हेच सरकार नाकारत असेल तर पहिले काही तास सर्वात धोक्याचे असतात, आणि तिथे लवकर आणि मोठ्याने बोललेलं बरं असं माझं मत आहे. १९७३ मध्ये ब्राझीलमध्ये लुईझ बासिलियो रोस्सी या प्राध्यापकाला उचललं तेव्हा अॅम्नेस्टीने पहिल्यांदा जगभरातून तातडीची पत्रं पाठवायची हाक दिली, तो जिवंत सुटला, आणि आपली केस जाहीर झालीय म्हटल्यावर आता हे आपल्याला मारू शकत नाहीत असं वाटलं, हे त्याने पुढे सांगितलं. पण वकील शांतपणे जामिनाची बोलणी करत असेल, किंवा माणसाची खरी ओळख (धर्म, लैंगिकता, आधीचं काम) पोलिसांना अजून माहीतच नसेल, तर आपली एक पोस्ट सगळं बिघडवू शकते. घरचे "थांबा" म्हणाले तर थांबायचं. आपल्याला कितीही चीड आली तरी.

साक्षीदाराचं नाव, माहिती कोणाकडून आली, कुठल्या गार्डने चिठ्ठी बाहेर दिली, गर्दीतले चेहरे, हे कधीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. तपशिलातूनही माणूस ओळखू येतो, "तिसऱ्या बराकीतल्या एका नर्सने सांगितलं" आणि तिथे नर्सच एक असेल तर तुम्ही नावच सांगितलंत.

५. आता लिहा

साचा साधा आहे: कोण, काय झालं, कुठला नियम मोडला, कोणी काय करायचं, कधीपर्यंत. पोस्ट असो, पत्रक असो, दोन मिनिटांचा व्हिडिओ असो, एवढंच.

समजा कच्चा मजकूर असा आलाय: "जुलमी सरकारचा आणखी एक काळा अध्याय! निष्पाप शिक्षकावर अमानुष अत्याचार! जग गप्प का?" यात माहिती शून्य आहे. कोण शिक्षक, कुठला, काय अत्याचार, आणि वाचणाऱ्याने करायचं काय? आता तोच असा लिहा:

"(नाव), वय ४१, शाळेत गणित शिकवतात. ३ तारखेला संध्याकाळी शाळेच्या गेटवरून साध्या कपड्यांतल्या चार माणसांनी त्यांना नेलं, वॉरंट दाखवलं नाही. पत्नी तीन पोलीस ठाण्यांत जाऊन आली, तिन्हीकडे 'आमच्याकडे नाही' असं सांगितलं. त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. राज्यघटनेप्रमाणे अटक झाल्याचं कुटुंबाला कळवणं बंधनकारक आहे. गृहमंत्र्यांनी ते कुठे आहेत हे आज सांगावं आणि औषध आत जाऊ द्यावं."

विशेषण एकही नाही आणि तरी वाचताना घशात अडकतं. गणित आणि इन्सुलिन, या दोन गोष्टींनी तो माणूस आपला होतो. तो साधुसंत होता असं रंगवू नका, हक्क मिळायला कोणी चांगलं असावं लागत नाही, आणि उद्या त्याची एखादी जुनी भानगड सरकारी टीव्हीने काढली की तुमचं सगळं त्यात वाहून जातं.

मागणी लहान आणि करता येण्यासारखी ठेवा. "राजवट पाडा" ही मागणी कुठला तुरुंग अधिकारी पूर्ण करणार? पण "वकिलाला भेटू द्या" ही तो करू शकतो, आणि करावीशी वाटायला त्याला कारणही असतं, कारण पुढे कधीतरी त्याला विचारलं जाईल. शक्य तिथे जबाबदार पदाचं नाव घ्या, गृहमंत्री, अमुक तुरुंगाचा अधीक्षक. खालच्या शिपायाचं नाव, घर, पोरंबाळं बाहेर काढणं मात्र चूक आहे, हक्क सगळ्यांचे म्हणतो तर त्याचेही आहेत, आणि तसं केलं की डळमळणारी माणसं राजवटीला आणखी घट्ट चिकटतात. जमात, धर्म, वंश यांवरून एक शब्द नको.

जिथे "बहुतेक", "कुटुंबाच्या म्हणण्यानुसार" आहे तिथे तसंच लिहा. रक्ताळलेले फोटो शक्यतो टाळा, घरच्यांनी स्वतः सांगितलं तरच. आणि पाठवण्याआधी ज्याला या प्रकरणातलं काहीही माहीत नाही अशा एकाला वाचायला द्या, त्याला न समजलेलं वाक्य बदला.

६. धरायला सोपी अशी खूण द्या

मोठा लेख लिहायला सगळे धजावत नाहीत, पण छोटी खूण बाळगायला धजावतात. अर्जेंटिनात ३० एप्रिल १९७७ ला १४ आया बेपत्ता मुलांची चौकशी करत राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोरच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. पोलीस म्हणाले घोळका करून उभं राहायला बंदी आहे, तर त्या जोडीजोडीने चौकात फिरायला लागल्या, दर गुरुवारी. डोक्याला पांढरा रुमाल, आधी तर बाळाच्या लंगोटाचं कापडच. आई आपलं मूल मागतेय, आता हिला दहशतवादी कसं म्हणायचं? १९७८ चा फुटबॉल वर्ल्ड कप तिथेच झाला आणि परदेशी कॅमेरे त्यांच्यापर्यंत पोचले.

सर्बियात ओत्पोर या तरुणांच्या हुकूमशाहीविरोधी चळवळीची आवळलेली मूठ स्टेन्सिलने कोणालाही भिंतीवर उमटवता यायची. चीनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनी कोरा कागद धरला, ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्याला सेन्सॉर तरी काय करणार. चांगली खूण स्वस्त असते, एका हाताने करता येते, आणि धरलं गेलं तर नाकारताही येते. पण खूण एकटी फार चालत नाही, तिच्याखाली नावं हवीत. त्या आयांच्या रुमालांवर पुढे मुलांची नावं आणि तारखा भरतकामाने आल्या.

७. पोचवा, आणि एकाच रस्त्यावर विसंबू नका

इंटरनेट बंद होणार असं धरूनच चाला. तोच मजकूर तीन रूपांत तयार ठेवा: एका स्क्रीनवर मावणारं चित्र (हलकं, लवकर लोड होणारं), साधा टेक्स्ट जो एसएमएसनेही जाईल, आणि काळ्या-पांढऱ्यात प्रिंट होणारं अर्ध्या पानाचं पत्रक. बाहेरच्या देशातून चालणारी रेडिओ स्टेशनं अजूनही खेडोपाडी ऐकली जातात, त्यांना आवाजी क्लिप द्या. आतल्या लोकांच्या बोलीभाषेत आधी, इंग्रजीत नंतर, बरेच जण उलटं करतात आणि मग सगळा मेसेज परदेशातच फिरत राहतो.

मगाशी सांगितलेल्या रशियन बातमीपत्राची बातमी गोळा करायची पद्धत आजही वापरण्यासारखी आहे. वाचकाला सांगितलेलं असायचं की तुम्हाला अंक ज्याने दिला त्यालाच बातमी द्या, तो त्याला देणाऱ्याला देईल, सगळी साखळी स्वतः शोधायला जाऊ नका. म्हणजे कोणालाही दोनच माणसं माहीत, एक पुढचा आणि एक मागचा. मोठ्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि एक फोन पकडला की सगळे पकडले जातात.

आणि शेअर करणाऱ्याचाही विचार करा. बेलारूसमध्ये २०२० च्या आंदोलनानंतर टेलिग्राम चॅनेल "अतिरेकी" ठरवले गेले आणि नुसतं सबस्क्राइब केलं, पोस्ट पुढे पाठवली म्हणून लोकांना आत टाकलं, रस्त्यात थांबवून फोन बघितले. तेव्हा आतल्या लोकांना "जास्तीत जास्त शेअर करा" असं सरसकट सांगू नका. "वाचा, लक्षात ठेवा, डिलीट करा, तोंडी सांगा" हेही पोचवणंच आहे.

८. स्वतःला आणि गटाला सांभाळा

थोडक्यात: बोलायला सिग्नल हे अॅप, त्यात आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू. फोनला लांब पासवर्ड, आणि धोक्याच्या ठिकाणी बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणं बंद, कारण बोट जबरदस्तीने लावता येतं. मोर्चाला रोजचा फोन नको. फोटोतले चेहरे झाकायचे ते नुसते अंधुक करून नाही तर वरून गडद पट्टी लावून, आणि मग त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. मूळ कागदपत्रांची एक कॉपी देशाबाहेर. कोणी किती वाजता "सुखरूप" कळवायचं आणि नाही कळवलं तर कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. अडचणीत आलात तर अॅक्सेस नाऊची डिजिटल हेल्पलाइन आणि फ्रंट लाइन डिफेंडर्स या संस्था मदत करतात.

मशीनपेक्षा माणसांकडून धोका जास्त. प्लाझा दे मायोच्या आयांमध्ये आल्फ्रेदो आस्तिस नावाचा नौदल अधिकारी बेपत्ता तरुणाचा भाऊ बनून मिसळला होता. त्यांनी पैसे जमवून बेपत्ता लोकांच्या नावांची जाहिरात १० डिसेंबर १९७७ च्या वर्तमानपत्रात दिली, त्याच दिवसांत त्यांच्यातल्या काही जणी आणि सोबतच्या दोन फ्रेंच नन उचलल्या गेल्या, आसुसेना विजाफ्लोर, जिने ही सुरुवात केली, तीसुद्धा. त्यांच्यापैकी काहींचे अवशेष २००५ मध्ये ओळखले गेले. म्हणून नवीन आलेल्यावर वाईट संशय घ्यायची गरज नाही, पण नावांची यादी आणि साक्षीदारांचे पत्ते त्याच्या हातात द्यायचीही गरज नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढंच, हा नियम जुन्या माणसांनाही लावा म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही.

९. बाहेरचा दबाव योग्य वेळी लावा

संयुक्त राष्ट्रांत कोणाकडे जायचं हे कळलं तर खूप वेळ वाचतो. मनमानी अटकेसाठी १९९१ पासून एक कार्यगट आहे, त्याच्याकडे जायला देशाने करार मान्य केलेला असावा लागत नाही आणि आधी तिथल्या सगळ्या कोर्टांचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. बेपत्ता माणसांसाठी वेगळा कार्यगट, १९८० पासूनचा. छळ, अभिव्यक्ती, वकील-न्यायाधीश अशा विषयांचे विशेष प्रतिवेदक (संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) असतात, ते सरकारला तातडीचं पत्र पाठवू शकतात. ऑनलाइन फॉर्म आहे, तुमची केसची नोंद नीट असेल तर भरायला फार वेळ लागत नाही, आणि पीडिताची परवानगी तिथेही विचारतात. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा साधारण साडेचार वर्षांनी आढावा होतो, त्यासाठी एकटी संस्था २,८१५ शब्दांपर्यंत निवेदन देऊ शकते, त्यात पन्नास तक्रारी कोंबण्यापेक्षा पाच पक्क्या द्या.

या यंत्रणांकडे पोलीस नाहीत, हे खरंय. त्यांच्या पत्राने तुरुंगाचं दार उघडेलच असं नाही. पण "संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही अटक बेकायदा ठरवली" ही ओळ एकदा मिळाली की ती वकील कोर्टात वापरतो, पत्रकार बातमीत वापरतो, आणि बाहेरचा मंत्री भेटीला जाताना टाळू शकत नाही.

कॅलेंडर बनवा: परदेशी पाहुण्यांचे दौरे, कर्जाची बोलणी, मोठ्या स्पर्धा, शिखर परिषदा, खटल्याच्या तारखा, अटकेला वर्ष पूर्ण होण्याचे दिवस, माणसाचा वाढदिवस. दौऱ्याच्या आदल्या दिवशी नव्हे तर दोन-तीन आठवडे आधी माहिती द्या, म्हणजे पाहुण्याच्या कागदांत ते नाव जाईल.

१०. उलट मारा येणारच

परकीय हस्तक, पैसे घेतलेत, देशाची बदनामी, हे शब्द सगळीकडे सारखेच. चेकोस्लोव्हाकियात तर चार्टर ७७ विरुद्ध कलाकारांना एकत्र बोलावून सह्या घेतल्या, आणि ज्याचा निषेध करायचा तो मजकूर वाचायलाच दिला नव्हता. प्रवक्ता असलेले तत्त्वज्ञ यान पातोच्का लांबलचक चौकश्यांनंतर मार्च १९७७ मध्ये वारले.

प्रत्येक शिवीला उत्तर देत बसू नका, त्यांना तेच हवं असतं. आरोप खोटा असेल तर एकदा, कागदासकट, दोन ओळींत उत्तर आणि लगेच मूळ प्रश्नावर परत: "ते शिक्षक कुठे आहेत?" आरोपात तथ्य असेल, म्हणजे तारीख चुकली असेल किंवा आकडा, तर त्याच दिवशी, त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती. पैसे कुठून येतात हे विचारायच्या आधीच सांगता आलं तर उत्तम, ज्यात कोणाला धोका नाही तेवढं तरी. आणि टीव्हीवर कोठडीतल्या माणसाचा "कबुलीजबाब" दाखवला तर त्यातला एक शब्दही पुढे पाठवू नका, फक्त एवढंच लिहा की हे वकिलाशिवाय कोठडीत रेकॉर्ड झालंय.

११. केस सोडू नका

पहिला आठवडा सगळे लिहितात. तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं, आणि राजवट त्याचीच वाट बघत असते. म्हणून प्रत्येक केसला एक माणूस नेमा, त्याने ठरावीक दिवशी घरच्यांना फोन करायचा (बातमीसाठी नाही, आधी विचारपूस), नोंद अपडेट करायची, काही बदललं तर दोन ओळी टाकायच्या, काही बदललं नाही तर दिवसांचा आकडा टाकायचा. औषध पोचलं, बराक बदलली, पत्र मिळालं, असं छोटं काही मिळालं की तेही जाहीर करा, लिहिणाऱ्यांना कळू दे की हलतंय. घरच्यांना वकिलाची फी, प्रवास, घरभाडं यांची मदत लागते का हे विचारायला विसरू नका, बऱ्याचदा सगळ्यात मोठी गरज तीच असते.

माणूस सुटला की आधी त्याला झोपू द्या. फोटो, मुलाखत, लाइव्ह, काहीही त्याने स्वतः सांगेपर्यंत नको, कारण सुटका अटींवर झालेली असू शकते आणि एका आनंदाच्या पोस्टवरून परत उचलतात. त्याच्या नावाच्या जुन्या पोस्ट ठेवायच्या की काढायच्या हे त्याला विचारा. आत अजून कोण होतं, कोणाची तब्येत कशी होती, हे त्याला सांगावंसं वाटलं तर ऐका आणि नवीन नोंदी उघडा.